दीर्घिकेत नवा ठिपका दिसला तर: सुपरनोव्हा आणि कृष्णविवराने फाडलेले तारे कसे शोधावेत, कसे नोंदवावेत

२० सप्टेंबर २०१६ च्या रात्री अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहरात व्हिक्टर बुसो हे हौशी निरीक्षक आपल्या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला लावलेला नवा कॅमेरा तपासत होते. दुर्बीण रोखली होती एनजीसी ६१३ या दीर्घिकेवर, आठ कोटींहून अधिक प्रकाशवर्षं दूर. बुसोंनी छोट्या छोट्या एक्स्पोजरची छायाचित्रं एकापाठोपाठ एक घेतली. सुरुवातीच्या छायाचित्रांत नेहमीचीच दीर्घिका होती. पुढच्या छायाचित्रांत मात्र सर्पिल भुजेच्या टोकाशी एक ठिपका उगवला आणि बघता बघता उजळत गेला. स्फोट पावणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्यातली आघातलाट पृष्ठभाग फोडून बाहेर पडते, तो क्षण बुसोंच्या हाती लागला होता. हा सुपरनोव्हा पुढे एसएन २०१६ जीकेजी या नावाने नोंदला गेला आणि त्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

लोक याला नशीब म्हणतात, आणि नशीब होतंच. पण ज्या छायाचित्रांत ठिपका नव्हता तीही त्यांनी जपून ठेवली होती. ती नसती तर ठिपका किती वेगाने उजळला हे मोजायला आरंभबिंदूच मिळाला नसता. या लेखात दुर्बीण, कॅमेरा, सॉफ्टवेअर यांबद्दल बरंच येईल, पण सगळ्याच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे: 'आधी काय होतं' हे ज्याच्याकडे नोंदलेलं आहे, त्यालाच 'आता नवं काय आहे' हे खात्रीने सांगता येतं.

दोन वेगळ्या घटना, दोन वेगळे मार्ग

सुपरनोव्हाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात श्वेतबटू ताऱ्याचा, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याच्या गाभ्याचा, अणुस्फोट होतो. याला १ए प्रकार म्हणतात. तो साधारण १८ ते २० दिवसांत कमाल तेजाला पोहोचतो आणि तेव्हा त्याची निरपेक्ष प्रत, म्हणजे ठरावीक अंतरावरून मोजलेलं तेज, उणे १९.३ च्या आसपास असते (प्रतीचा आकडा जितका लहान तितकं तेज जास्त). दुसऱ्यात सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्याचा गाभा कोसळतो. हे सुपरनोव्हे बहुधा थोडे मंद असतात, पण त्यांतले बरेचसे सुमारे १०० दिवस जवळपास एकाच तेजावर टिकून राहतात आणि मग झपाट्याने उतरतात. मोठ्या दीर्घिकेत असे स्फोट शतकात एक-दोन होतात. म्हणून शंभर दीर्घिकांवर नीट नजर ठेवली तर वर्षाला एखाद-दुसरा सुपरनोव्हा आपल्या यादीत फुटणार, हा हिशेब अगदी वास्तव आहे.

कृष्णविवराने तारा फाडण्याची घटना वेगळी. शास्त्रज्ञ तिला टीडीई (टायडल डिसरप्शन इव्हेंट) म्हणतात. जवळजवळ प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रात एक प्रचंड कृष्णविवर असतं. समजा त्याचं वस्तुमान १० लाख सूर्यांइतकं आहे. सूर्यासारखा तारा भरकटत त्याच्यापासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर आला, की ताऱ्याच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरच्या ओढीतला फरक त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणावर मात करतो. तारा ताणला जातो आणि वायूचा लांबलचक पट्टा होतो. त्यातला साधारण अर्धा वायू कायमचा निसटून जातो. उरलेला अर्धा परत फिरतो, कृष्णविवराभोवती आदळतो, तापतो आणि महिनोन् महिने झळकत राहतो. हे गणित मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये मांडलं.

या गणिताचा आपल्याला थेट उपयोग आहे. १० लाख सूर्यांच्या कृष्णविवराचं घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा, फक्त ३० लाख किलोमीटरवर असतं, म्हणजे तारा क्षितिजाच्या बऱ्याच बाहेर फाटतो आणि झळाळी आपल्याला दिसते. वस्तुमान १० कोटी सूर्यांइतकं झालं की फाटण्याचं अंतर ३२ कोटी किलोमीटर आणि क्षितिज जवळपास ३० कोटी किलोमीटर, म्हणजे दोन्ही एकमेकांना येऊन भिडतात. त्याहून जड कृष्णविवर सूर्यासारखा तारा अख्खाच गिळतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. एम ८७ च्या केंद्रात ६५० कोटी सूर्यांचं कृष्णविवर आहे, त्यामुळे तिथे अशी घटना शोधत बसण्यात अर्थ नाही. मध्यम आकाराच्या दीर्घिका पाहायच्या.

पण एका दीर्घिकेत अशी घटना १० हजार ते १ लाख वर्षांतून एकदाच घडते. शंभर दीर्घिकांची यादी इथे कामाची नाही. म्हणून सुपरनोव्हा स्वतःच्या दुर्बिणीने शोधायचा आणि फाटलेला तारा मोठ्या सर्वेक्षणांच्या माहितीत शोधून मग दुर्बिणीने त्याचा पाठपुरावा करायचा, अशी विभागणी मी सुचवतो.

तुमच्या दुर्बिणीला काय झेपेल

अंतर माहीत असलं की हिशेब सोपा आहे. एम १०१ ही दीर्घिका सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिथला १ए प्रकारचा एसएन २०११ एफई जवळपास १०व्या प्रतीपर्यंत पोहोचला होता. त्याच दीर्घिकेत गाभा कोसळून फुटलेला एसएन २०२३ आयएक्सएफ ११व्या प्रतीच्या आसपास थांबला. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या कन्या दीर्घिकासमूहात १ए प्रकारचा सुपरनोव्हा १२व्या आणि गाभा कोसळणारा १४व्या प्रतीच्या आसपास धरावा. वाटेत धूळ असेल तर दोन्ही याहून मंद दिसतात.

आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून काळोख्या जागी डोळ्यांना साडेतेराव्या-चौदाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. म्हणजे आधीच जाहीर झालेला तेजस्वी सुपरनोव्हा डोळ्यांनी पाहायला ती पुरेशी आहे. ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट इव्हान्स यांनी तर केवळ डोळ्यांनी ४०हून अधिक सुपरनोव्हे स्वतः शोधले. शेकडो दीर्घिकांभोवतीच्या ताऱ्यांची मांडणी त्यांना तोंडपाठ होती. आज डोळ्यांनी नवा शोध लावणं फार कठीण झालं आहे, पण एखाद्या दीर्घिकेचा परिसर असा पाठ करण्याची सवय मी प्रत्येक नवशिक्याला लावून घ्यायला सांगेन. कॅमेऱ्यावर काम करतानाही ती उपयोगी पडते.

कॅमेरा लावला की खेळ बदलतो. सीस्टार एस ५० सारखी ५० मिलिमीटरची छोटी स्मार्ट दुर्बीण शहराबाहेर अर्ध्या तासाच्या स्टॅकमध्ये (एकावर एक रचलेल्या छायाचित्रांत) १६व्या प्रतीच्या आसपास जाते. आठ इंची दुर्बीण, मागोवा घेणारा चांगला माउंट आणि मोनोक्रोम सीमॉस कॅमेरा असेल तर काही मिनिटांतच १७ ते १८. नव्या शोधासाठी हा दुसरा संच हवा. पाठपुराव्यासाठी पहिलाही चालतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो: मोठी सर्वेक्षणं असताना आपण कशाला? प्रश्न रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या पालोमारची झेडटीएफ दुर्बीण ४७ चौरस अंशांच्या कॅमेऱ्याने दोन-तीन रात्रींत सगळं उत्तर आकाश धुंडाळते. ॲटलास या सर्वेक्षणाच्या दुर्बिणी हवाई, चिली आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची ८.४ मीटरची दुर्बीण रात्रीला १ कोटीपर्यंत सूचना देईल अशी आखणी आहे. तरीही १९ मे २०२३ रोजी एसएन २०२३ आयएक्सएफ सापडला तो जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकांना, १४.९ प्रतीचा असताना. पालोमारला दिवस असतो तेव्हा भारतात आणि जपानमध्ये रात्र असते. त्या तासांत आकाशात काय घडलं हे आपणच सांगू शकतो. लडाखमधल्या हानले इथली ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण, जी आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून चालवतात, याच कारणासाठी उभी राहिली आहे.

महाराष्ट्राच्या आकाशातून यादी कशी बनवायची

जून ते सप्टेंबर आपलं आकाश बंद. यादी बनवताना हे आधीच मान्य करावं आणि पावसाळा डेटाच्या कामाला द्यावा. उरलेल्या आठ महिन्यांसाठी ६० ते १०० दीर्घिका पुरेत. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: अंतर ६-७ कोटी प्रकाशवर्षांच्या आत, नवे तारे जोमाने जन्मत असलेली सर्पिल दीर्घिका, आणि आपल्या जागेवरून किमान ३० अंश उंची.

पुण्याचा अक्षांश १८.५ अंश. त्यामुळे सप्तर्षीतली एम १०१ उत्तरेला ५४ अंशांपर्यंत चढते, एम ८२ मात्र ३९ अंशांवरच थांबते. दक्षिणेकडे आपली बाजू भक्कम आहे. वासुकीतली एम ८३ आपल्याला ४२ अंशांवर मिळते. युरोपातल्या बहुतेकांना ती क्षितिजालगतच्या धुरकटात शोधावी लागते. १९२३ ते १९८३ या साठ वर्षांत तिथे सहा सुपरनोव्हे दिसले, त्यानंतर एकही नाही. माझ्या यादीत ती पहिली असते. अश्मंतमधली एनजीसी १३६५ आणि शिल्पकारमधली एनजीसी २५३ याही आपल्याला सोयीच्या. नरतुरंगातली एनजीसी ५१२८ मात्र २८ अंशांवरच राहते. दक्षिण कोकणातून आणि गोव्यातून ती दोन-तीन अंश वर मिळते, पण किनाऱ्यावरची दमट हवा तो फायदा खाऊन टाकते.

ऑक्टोबरात पावसाळा सरला की संध्याकाळी लगेच एनजीसी ६९४६ धरावी. हंस आणि वृषपर्वा यांच्या सीमेवरच्या या दीर्घिकेत १९१७ पासून दहा सुपरनोव्हे नोंदले गेले आहेत. मग महाश्वातली एनजीसी ७३३१, मीनेतली एम ७४. जानेवारी-फेब्रुवारीत एनजीसी २४०३, एम ८१ आणि एम ८२. मार्च ते मेचा पहिला पंधरवडा हा खरा हंगाम: सिंह, कन्या, अरुंधती केश, श्यामशबल. कन्येतली एम ६१ अजिबात सोडू नये, तिथे आठ सुपरनोव्हे दिसलेले आहेत.

आधी संदर्भ छायाचित्रं, मग शोध

पहिला महिना शोधात घालवू नका. यादीतल्या प्रत्येक दीर्घिकेचं स्वच्छ, बिनचंद्राच्या रात्रीचं, नेहमीपेक्षा दुप्पट एक्स्पोजरचं छायाचित्र घ्या आणि ते संदर्भ म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. इंटरनेटवर पॅन-स्टार्स सर्वेक्षणाची किंवा जुन्या पालोमार पाहणीची छायाचित्रं सहज मिळतात आणि ती पडताळणीसाठी हवीच. पण तुलनेसाठी आपल्याच दुर्बिणीचं, आपल्याच फिल्टरचं छायाचित्र लागतं. दुसऱ्याच्या छायाचित्रात लाल-निळ्याचं प्रमाण वेगळं असतं, रिझोल्यूशन वेगळं असतं, आणि भुजेतला एखादा तेजोमेघ तुमच्या छायाचित्रात उगाच 'नवा तारा' वाटू लागतो.

फाइलच्या नावात दीर्घिका, तारीख आणि जागतिक वेळ (यूटीसी) असू द्या. संगणकाचं घड्याळ रोज इंटरनेटवरून जुळवा. कच्च्या फाइल कधीही पुसू नका. हार्ड डिस्क स्वस्त आहे.

रात्रीचं काम

एका दीर्घिकेला ३०-६० सेकंदांची पाच ते दहा छायाचित्रं, मग पुढची दीर्घिका. प्रत्येक छायाचित्राआधी दुर्बीण काही पिक्सेल सरकू द्या; याला डिदरिंग म्हणतात, आणि पुढे खोटे ठिपके ओळखायला याचाच उपयोग होतो. केंद्रभाग पांढराफटक होणार नाही इतपतच एक्स्पोजर ठेवा, कारण केंद्राजवळचा सुपरनोव्हा त्या पांढऱ्यात बुडून जातो. एका तासात दहा-बारा दीर्घिका होतात.

ॲस्टॅपसारखं मोफत सॉफ्टवेअर छायाचित्रातल्या ताऱ्यांवरून आकाशातली जागा ओळखतं. मग संदर्भ आणि आजचं छायाचित्र एकावर एक बसवून आलटून पालटून दाखवा. डोळा बदल चटकन टिपतो. शक्यतो त्याच रात्री, झोपण्याआधी पाहा. तासांची किंमत इथे खरोखर मोठी आहे.

सॉफ्टवेअरवर सगळं सोपवू नये, याचा चांगला दाखला म्हणजे एम ८२ मधला एसएन २०१४ जे. २१ जानेवारी २०१४ रोजी लंडनच्या मिल हिल इथल्या विद्यापीठ वेधशाळेत स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना ३५ सेंटिमीटरची दुर्बीण चालवायला शिकवत होते. ढग येत होते, म्हणून घाईने एम ८२ कडे वळले आणि तिथे परका तारा त्यांच्या नजरेत भरला. नंतर लक्षात आलं की आधीच्या काही रात्रींत इतरांनी घेतलेल्या छायाचित्रांतही तो होता. धुळीच्या पट्ट्यांनी विस्कटलेल्या दीर्घिकेत आपोआप शोध घेणाऱ्या यंत्रणांना अडचण येते. अशा ठिकाणी माणसाची नजर अजूनही कामाची आहे.

संशयिताची झडती

नवा ठिपका दिसला की छातीत धडधड होणारच. तरीही ही झडती पूर्ण झाल्याशिवाय कुठेही काही लिहू नका.

पहिली पायरी, सुटी छायाचित्रं पाहा. ठिपका सगळ्या सुट्या छायाचित्रांत ताऱ्यांबरोबरच सरकला पाहिजे. एकाच छायाचित्रात असेल तर तो वैश्विक किरण किंवा उपग्रहाची चमक. सेन्सरवर एकाच जागी चिकटून असेल तर गरम पिक्सेल. त्याचा आकार शेजारच्या ताऱ्यांसारखाच हवा. पसरट वाटला तर तेजस्वी ताऱ्याचं आतलं परावर्तन असू शकतं. दुर्बीण थोडी बाजूला वळवून पुन्हा छायाचित्र घेतलं की परावर्तन जागा सोडतं.

दुसरी, लघुग्रह. सिंह आणि कन्या या राशी क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्य-ग्रहांच्या आकाशातल्या वाटेवर, आहेत, त्यामुळे मार्च-एप्रिलमधल्या आपल्या सर्वांत चांगल्या हंगामातच लघुग्रह सर्वांत जास्त फसवतात. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण ३० विकला सरकतो (१ विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). एका तासाने दुसरा संच घ्या. पण वक्री-मार्गी होताना लघुग्रह जवळजवळ थबकतो, म्हणून मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर जागा आणि वेळ टाकून खात्री कराच. एम १०१ किंवा एम ८२ क्रांतिवृत्तापासून दूर असल्याने तिथे हा धोका कमी.

तिसरी, आपल्याच आकाशगंगेतले तारे. रूपविकारी ताऱ्यांच्या व्हीएसएक्स सूचीत ती जागा तपासा. गाया उपग्रहाच्या तारासूचीत आणि जुन्या खोल छायाचित्रांत तिथे अंधुक तारा आहे का, ते पाहा. लाल बटू तारे काही तासांसाठी भडकतात आणि सकाळपर्यंत शांत होतात.

चौथी, ट्रान्झिएंट नेम सर्व्हर, म्हणजे टीएनएस. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या वतीने २०१६ पासून सर्व सुपरनोव्ह्यांची अधिकृत नोंद इथे होते. आपल्या जागेभोवती ५ ते १० विकलांत शोध घ्या. बहुतेक वेळा तिथे आधीच नाव सापडेल. निराश होऊ नका, तुमची पद्धत बरोबर चालली आहे याचा तो पुरावा आहे.

आणि शेवटी दुसरी रात्र किंवा दुसरी दुर्बीण. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, कुठेही ओळखीचा निरीक्षक असला तर त्याला जागा कळवून छायाचित्र मागा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून काम करत आहे. अशा मंडळांतून रात्री दोन वाजता फोन उचलणारी माणसं भेटतात.

नोंद करताना

टीएनएसवर खातं आधीच काढून ठेवा. नोंदीत विषुवांश व क्रांती (आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे), शोधाची वेळ, प्रत, फिल्टर, उपकरण आणि त्या जागी शेवटचं कधी काही दिसलं नव्हतं ती तारीख व तेव्हाची मर्यादा प्रत (छायाचित्रात दिसू शकणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत) द्यावी लागते. हा शेवटचा रकाना भरायला तुमचं संदर्भ छायाचित्र उपयोगी येतं. 'दहा दिवसांपूर्वी १७.५ प्रतीपर्यंत इथे काही नव्हतं' या एका ओळीने स्फोटाची वेळ आवळता येते.

वेळ नेहमी जागतिक. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करताना तारीख बदलते, ते विसरायला होतं. २० मे रोजी मध्यरात्रीनंतर साडेबारा म्हणजे जागतिक १९ मे, १९:०० वाजता, दशांशात १९.७९ मे. जुलियन दिनांक, म्हणजे खगोलशास्त्रातली सलग दिवसगणती, मात्र आपल्याला सोयीचा आहे: तो भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेपाचला बदलतो, म्हणजे आपली अख्खी रात्र एकाच अंकात मावते.

नोंद होताच 'एटी' हा उपसर्ग आणि वर्षाला जोडून अक्षरं मिळतात. कुणी वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांत केलेली फोड, घेऊन सुपरनोव्हा असल्याचं सिद्ध केलं की 'एटी'चं 'एसएन' होतं. अक्षरं क्रमाने चालतात: ए ते झेड, मग दुहेरी, मग तिहेरी. आयएक्सएफ हे त्या क्रमातलं ६,७१४वं नाव, आणि तेव्हा मे महिनाही संपला नव्हता.

प्रकाशवक्र काढणं

शोध एकदाच लागतो. तेजाचं मोजमाप मात्र महिनोन् महिने करता येतं (त्याचा काळानुसार काढलेला आलेख म्हणजे प्रकाशवक्र), आणि माझ्या मते हौशी निरीक्षकाचं सर्वांत भरीव काम हेच. अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी गोळा करते. तिच्या संकेतस्थळावर सुपरनोव्हाचं नाव टाकलं की आजूबाजूच्या तुलना-ताऱ्यांच्या प्रतींसह नकाशा मिळतो. सुपरनोव्हाहून थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे तीन-चार तारे घ्या. फिल्टर एकच वापरा, शक्यतो व्ही. रंगीत कॅमेरा असेल तर हिरवा रंग वेगळा काढून 'टीजी' म्हणून नोंदवा. बिनफिल्टर असेल तर 'सीव्ही'. त्रुटीचा अंदाज दिल्याशिवाय आकडा पाठवू नका.

दीर्घिकेचा स्वतःचा उजेड सुपरनोव्हाच्या उजेडात मिसळतो, ही खरी अडचण. भुजेच्या टोकाशी असेल तर छोटं वर्तुळ घेऊन भागतं. आत असेल तर संदर्भ छायाचित्र आजच्या छायाचित्रातून वजा करावं लागतं. संदर्भ नसेल तर वर्षभर थांबून सुपरनोव्हा विझल्यावर तो घ्यायचा आणि जुनी मोजमापं पुन्हा करायची.

बारा-तेराव्या प्रतीपर्यंत वर्णपटही जमतो. फिल्टरच्या जागी बसणारी स्टार ॲनालायझरसारखी जाळी पुरते. ६१५ नॅनोमीटरच्या आसपास सिलिकॉनची रुंद दरी दिसली तर १ए प्रकार. हायड्रोजनच्या रुंद रेषा दिसल्या तर गाभा कोसळणारा दुसरा प्रकार. एवढंसं चित्र, पण फुटलेल्या ताऱ्यात काय होतं हे त्यातून स्वतः वाचता येतं.

फाटलेला तारा ओळखणं

हे पावसाळ्यात, घरी बसून करायचं काम आहे. झेडटीएफच्या सूचना अलर्स, लासेर आणि फिंक या संकेतस्थळांवर कुणालाही मोफत पाहता येतात. प्रत्येक सूचनेबरोबर नवं छायाचित्र, जुनं छायाचित्र, दोघांची वजाबाकी आणि हिरव्या-लाल फिल्टरमधला प्रकाशवक्र असतो. रोज वीस-तीस पाहिलेत तर दोन आठवड्यांत नजर बसते.

आधी जागा पाहा. ठिपका दीर्घिकेच्या अगदी केंद्रावर हवा. पण १६ कोटी प्रकाशवर्षांवर १ विकला म्हणजे सुमारे ७७५ प्रकाशवर्षं; एवढ्या जागेत साधा सुपरनोव्हाही फुटू शकतो. म्हणून जागा ही पहिली चाळण, निकाल नव्हे.

मग इतिहास. त्या केंद्रात आधीपासून चढउतार होत असतील तर ते सक्रिय केंद्रक आहे, म्हणजे तिथे कृष्णविवर रोजच वायू खात आहे. झेडटीएफची नोंद २०१८ पासूनची आहे, ती पूर्ण उघडून पाहा. वर्षानुवर्षं सपाट रेघ आणि मग एकच गुळगुळीत चढ, असं चित्र हवं.

सर्वांत बोलका पुरावा रंगाचा. सुपरनोव्हा प्रसरण पावताना थंड होतो, म्हणून काही आठवड्यांत लालसर होत जातो. फाटलेल्या ताऱ्याचा वायू २० ते ४० हजार अंशांवर महिनोन् महिने टिकतो. हिरव्या फिल्टरमधली प्रत लालपेक्षा कमी (म्हणजे तेज जास्त) किंवा जवळपास तेवढीच राहते, म्हणजे ठिपका निळाच राहतो. कमाल तेजानंतर महिनाभराने दोन्ही रेघा समांतर उतरत असतील तर लक्ष द्या. हिरवी रेघ आधी कोसळली तर बहुधा तो १ए सुपरनोव्हा. उतारही सावकाश असतो, कारण परत येणारा वायू काळाच्या उणे पाच-तृतीयांश घाताने कमी होतो. वर्णपटात हायड्रोजन आणि आयनीकृत हेलियमच्या फार रुंद रेषा दिसल्या की शिक्कामोर्तब होतं, पण ते काम मोठ्या दुर्बिणीचं.

तज्ज्ञांनाही हे नेहमी जमतं असं नाही. जून २०१८ मध्ये ॲटलासला सापडलेला एटी २०१८ काउ, ज्याला सगळे 'काऊ'च म्हणतात, काही दिवसांतच झपाट्याने उजळला आणि उतरला. तो सुपरनोव्हाचा वेगळा प्रकार की फाटलेला तारा, यावर वाद झाला. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्याच्या रेडिओ लहरी टिपल्या. म्हणून आपण निर्णय द्यायचा नाही. जागा, इतिहास आणि रंग यांची नोंद तयार करून संशोधकांपर्यंत पोहोचवायची.

दुर्बिणीने पाहायचं असेल तर जवळच्या घटनेची वाट बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिंहेतल्या एनजीसी ३७९९ दीर्घिकेच्या केंद्रात सापडलेली एटी २०२३ सीएलएक्स १६व्या प्रतीच्या आसपास होती. आठ इंची दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या आवाक्यातली, आणि आपल्याकडे त्या हंगामात मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. मात्र ठिपका केंद्रावरच असल्याने वजाबाकीशिवाय मोजमाप निरर्थक ठरतं.

घटना विझली म्हणून नोंद थांबवू नये. यमुना तारकासमूहातली एटी २०१९ क्यूआयझेड २१.५ कोटी प्रकाशवर्षांवर २०१९ मध्ये झळकली. काही वर्षांनी तिथून दर सुमारे ४८ तासांनी क्ष-किरणांचे भपके येऊ लागले. फाटलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या चकतीतून दुसरी एखादी वस्तू पुन्हा पुन्हा आरपार जात असावी, असा अर्थ २०२४ च्या निबंधात लावला आहे. त्या निरीक्षणांत भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाचाही वाटा होता.

दुसऱ्याने शोध लावला की लगेच

जवळच्या दीर्घिकेत सुपरनोव्हा जाहीर झाल्याची बातमी आली की दुर्बीण बाहेर काढण्याआधी स्वतःची डिस्क उघडा. एसएन २०२३ आयएक्सएफच्या वेळी जगभरच्या हौशी छायाचित्रकारांकडे एम १०१ ची शोधाआधीची छायाचित्रं निघाली आणि पहिल्या काही तासांचा प्रकाशवक्र त्यांतूनच भरत गेला. एम १०१, एम ५१, एम ८१ यांची छायाचित्रं वसंतात कितीतरी मराठी घरांच्या गच्च्यांवरून आणि माळरानांवरून घेतली जातात, सुंदर रंगवून टाकली जातात आणि कच्च्या फाइल पुसल्या जातात. त्या पुसू नका. स्फोटाच्या आधीच्या आठवड्यातली प्रत्येक कच्ची फाइल मोजा. ठिपका असेल तर प्रत कळवा. नसेल तर मर्यादा प्रत आणि जागतिक वेळ कळवा, आणि एएव्हीएसओच्या नोंदीत 'याहून मंद' अशी खूण करून ती पाठवा.